धुतलेलं हेल्मेट

रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. रावसाहेब इंगोल्यांच्या डाव्या हातात भिंग होतं आणि उजव्या हाताच्या बोटाने ते पांढऱ्या कापडाच्या गाठीवरची लाख चाचपत होते. लाखेवर पोलिसांची मोहर उमटलेली होती. शेजारच्या कागदावर तीच मोहर नमुना म्हणून मारलेली होती. दोन्ही जुळतात का ते बघायचं, जुळल्या तरच गाठ सोडू द्यायची आणि तसं रजिस्टरात लिहायचं. लखनऊच्या या पोस्टमार्टम हाउसमध्ये एकोणीस वर्षं ते हे काम करत होते.

"मिल गई?" दारात उभ्या दरोगाने विचारलं; फौजदाराला इथे दरोगा म्हणतात. अनुप मिश्रा त्याचं नाव. वय पस्तिशीचं, डोळे जागरणाने लाल.

"मिल गई."

रावसाहेबांची नोकरी फार्मासिस्टची. पण गोळ्या-औषधांशी त्यांचा संबंध कधीच सुटला होता. शवविच्छेदन डॉक्टर करतात, शव सफाई कर्मचारी हाताळतात आणि कागद फार्मासिस्ट सांभाळतो, अशी इथली रीत. एखादा कागद कमी असला तर शव बाहेर थांबतं. त्यामुळे शहरातले बहुतेक दरोगे त्यांना ओळखत. सगळे त्यांना 'राव साहब' म्हणत. हे त्यांचं जन्मनाव आहे हे फार थोड्यांना माहीत होतं. बाकीच्यांना तो मान वाटे, आणि काही जण "आप हैदराबाद से हैं न?" असं विचारत. सुरुवातीला ते समजावून सांगत. नंतर नुसतं "जी" म्हणू लागले.

त्यांचे वडील वाशीम जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीत इथे आले, तेव्हा रावसाहेब चार वर्षांचे होते. शाळा, डिप्लोमा, नोकरी सगळं लखनऊत झालं. घरात मराठी होती ती आईमुळे, नंतर बायकोमुळे. चंदाताई अकोल्याच्या. त्या गेल्याला तीन वर्षं झाली. मुलगी पूर्वा बंगळुरूला नोकरी करते; तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर ती हिंदीत देते. चंदाताई गेल्यापासून, मुलीचा रविवारचा फोन सोडला तर, रावसाहेबांची मराठी डोक्यातच चाले. लाख तपासताना ते मनात 'जुळली' म्हणत आणि तोंडाने 'मिल गई'.

आजचं शव चोवीस वर्षांच्या वेदांत सुतारचं होतं. राहणार कोल्हापूर. शहराबाहेर एका बंद वीटभट्टीच्या जागेवर मातीचा ट्रॅक करून दोन दिवसांची मोटोक्रॉस स्पर्धा ठेवली होती. मातीच्या उंच टेकाडांवरून मोटरसायकली उडवायच्या, पलीकडे उतरायचं आणि पुढचं टेकाड गाठायचं. शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वेदांत तिसऱ्या टेकाडापलीकडे पडला आणि मागून येणारी गाडी त्याच्यावर उतरली. मागच्यांना सावध करणारा पिवळा झेंडा दाखवायला तिथे माणूस होता की नव्हता, याबद्दल दोन मतं होती. अँब्युलन्स सहा मिनिटांनी पोचली. चार बावन्नला रुग्णालयाने मृत्यू जाहीर केला.

रावसाहेबांनी कागद पुढे ओढले. आपल्याकडे मरणोत्तर पंचनामा म्हणतात, त्याला इथे पंचायतनामा म्हणतात. पाच पंच शव बघतात, मृत्यू कशाने झाला असावा याचं मत देतात, सह्या करतात. या पाचांत चार जण ट्रॅकवर काम करणारे होते. त्यांचं मत असं की हेल्मेटचा पट्टा नीट बांधलेला नव्हता, पडताना हेल्मेट डोक्यावरून निघून गेलं आणि चालकाचा मृत्यू त्याच्याच निष्काळजीपणाने झाला. पाचवी सही मराठी वळणाची होती: उल्हास लोहार.

रोज वाचतात तसंच रावसाहेबांनी तेही वाचलं, आणि पान उलटलं.

कागदांबरोबर दुसरं पुडकंही होतं, हेल्मेटचं. तेही पांढऱ्या कापडात, लाखबंद. डॉक्टरांनी बघावं म्हणून दरोगाने आणलं होतं. त्याचीही मोहर जुळली.

बाहेर अशोकाच्या झाडाखाली सिमेंटचा बाक आहे. नातेवाईक तिथे बसतात. आज त्यावर पन्नाशीचा एक माणूस एकटाच बसला होता. नखांत काळं ऑइल, अंगात स्पर्धेचा पिवळा टी-शर्ट. रावसाहेब पावतीवर सही घ्यायला बाहेर आले तेव्हा तो दारावरची पाटी वाचत होता.

"इंगोले," तो म्हणाला. "साहेब, तुमी मराठी?"

"हो." समोरासमोर बरेच दिवस न बोललेला तो 'हो' घशातून जरा खरखरीत निघाला. "बसा, बसा. उठू नका."

"गाव कुठलं म्हणायचं?"

"वाशीम जिल्हा. पण जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही उल्हास लोहार ना? कागदावर सही पाहिली."

"व्हय. वेदांतचा मेकॅनिक. चौदा वर्षं झाली ह्या धंद्यात, पोराबरबर सहा." त्याने बाकावर हात ठेवून शेजारी जागा केली. रावसाहेब सहसा त्या बाकावर बसत नाहीत. ते बसले.

दरोगा मिश्रा तीन पावलांवर फोन हातात धरून उभा होता.

"चहा घेतला का?" रावसाहेबांनी विचारलं.

"चहा कसला, साहेब. रात्रभर हितंच हाय. त्याचा बाप इमानानं येतोय, चारला उतरंल. आईला मी फोनवर सांगितलंय, वैनी, मी स्वतः सोबत घेऊन येतो. मी नेला हुता, मीच आणणार." तो जरा थांबला. "पोरगं हात हलवत गेलं हो, साहेब. स्ट्रेचरवर चढवताना हात हलला. मला वाटलं, खांदा निसटला आसंल. मागं दोनदा निसटलाय. म्हटलं, उद्याच्या रेसला बसंल न्हाईतर न्हाई बसंल, पर सामान तयार पायजे."

"कसलं सामान?"

"हेल्मेट दिलं की मला ट्रॅकवरच्या मार्शलनं. रेस झाली की पैली गाडी धुवायची, मग हेल्मेट, मग बूट. हे आमचं ठरलेलं. रगात लागलं हुतं आतनं, पाण्याच्या गनखाली धरलं, शाम्पू लावला, चकचकीत केलं. गॉगलवर नव्या फिल्म चढवल्या. चार चाळीसला वाळत घातलं, साहेब. चार बावन्नला..." त्याने हातानेच उरलेलं सांगितलं. "माझं हात तिकडं हेल्मेट धूत हुतं."

दरोगाने मान वळवली. "क्या कह रहे हैं, राव साहब?"

रावसाहेबांनी एकदा उल्हासकडे पाहिलं. "कुछ नहीं," ते म्हणाले. "घर की बात."

"अच्छा." दरोगा पुन्हा फोनकडे वळला.

उल्हासला 'घर की बात' समजलं. त्याने रावसाहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

साडेअकराला डॉक्टर भावना रस्तोगी आल्या. रिपोर्ट आता संगणकावर भरतात, पण डॉक्टर मॅडम आधी कच्चं हाताने लिहून घेतात आणि ते रावसाहेबांकडूनच, कारण त्यांच्या अक्षरात पाच आणि सहा वेगळे दिसतात. त्या बोलत गेल्या, हे लिहीत गेले. मानेचा मणका तुटलेला. कवटीच्या तळाला तडा. नाकातून व दोन्ही कानांतून रक्तस्राव. हनुवटीखाली दोन बोटं रुंदीची पुसट खरचट.

मग त्यांनी हेल्मेटचं पुडकं सोडवून घेतलं. हेल्मेट उलटं करून दिव्याखाली धरलं, आतल्या गाद्यांवर हातमोज्याचं बोट फिरवलं.

"कमाल है," त्या म्हणाल्या. "कान-नाक से इतना ख़ून और अंदर एक दाग नहीं. गद्दियाँ तो ऐसी हैं जैसे आज ख़रीदी हों. मतलब टक्कर के वक़्त यह सर पर था ही नहीं. पंचों ने ठीक लिखा है."

"ठोडी के नीचे निशान है, मैडम."

"हल्का है. ढीले पट्टे से भी आ जाएगा. लिखिए, राव साहब: हेल्मेटचा आतला भाग स्वच्छ, अपघातसमयी ते डोक्यावर नसावं याच्याशी सुसंगत." वाक्य त्यांनी अर्थात इंग्रजीत सांगितलं, रावसाहेबांच्या डोक्यात ते मराठीत उमटलं.

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. डॉक्टर मॅडमना वाटलं शाई संपली. त्यांनी आपलं पेन पुढे केलं.

"दो मिनट, मैडम," रावसाहेब म्हणाले आणि हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन उभे राहिले. हात स्वच्छच होते, तरी त्यांनी नळ सोडला.

हे वाक्य एकदा लिहिलं गेलं की पुढचा रस्ता त्यांना ठाऊक होता. पंचायतनामा आणि शवविच्छेदन एकच गोष्ट सांगणार. मग झेंडा कुठे होता, अँब्युलन्सला सहा मिनिटं का लागली, हे कुणी विचारणार नाही. चोवीस वर्षांच्या मुलाच्या नावापुढे निष्काळजीपणा लिहिला जाईल आणि फाइल बंद होईल. आणि खरं सांगितलं, तर पुरावा धुणारा माणूस पोलिसांसमोर येईल. त्याचा जबाब होईल. जबाब होईपर्यंत त्याला शहर सोडू देणार नाहीत. 'मीच आणणार' असं त्याने जिला सांगितलं होतं, ती बाई कोल्हापुरात वाट बघत होती.

आणि त्याने हे पोलिसांना सांगितलं नव्हतं. पाटीवरचं आडनाव वाचून सांगितलं होतं.

रावसाहेबांनी नळ बंद केला आणि बाहेर गेले.

"दरोगाजी," ते म्हणाले, "सुबह मैंने आपसे ग़लत कहा. वो घर की बात नहीं थी. हेलमेट इन्होंने धोया है. शनिवार को, चार चालीस से पहले. तब इनको पता नहीं था कि लड़का नहीं बचेगा."

दरोगाने फोन खाली केला. "धोया है? और मुझे थमा दिया?"

"इनके यहाँ हर रेस के बाद धोते हैं."

"मेरे यहाँ इसको सबूत से छेड़छाड़ कहते हैं, राव साहब."

उल्हास बाकावरून उठला होता. तो रावसाहेबांकडे बघत होता, दरोगाकडे नाही.

"उल्हासभाऊ, एक सांगा," रावसाहेब मराठीत म्हणाले. आवाज त्यांनी कचेरीतल्यासारखाच ठेवला. "आतल्या गालाच्या गाद्या अगदी नव्या आहेत. त्या कुठून आल्या?"

उल्हासने एकदा दरोगाकडे पाहिलं.

"वेदांतसाठी विचारतोय."

"माझ्या पेटीतल्या हायत," तो शेवटी म्हणाला. "जुन्या मला मिळाल्याच न्हाईत. हेल्मेट आलं ते गालाच्या गाद्यांबिगर. अँब्युलन्सवालं काढत्यात आधी. लाल पट्टी असती खाली, ती वढली की गादी भाईर. मग हेल्मेट सैल हुतं, मानेला धक्का न लागता निघतं. शिकवलेलं असतं त्यांना."

"म्हणजे हेल्मेट डोक्यावर होतं. अँब्युलन्सवाल्यांनी काढलं."

"मग! पट्टा मी बांधला हुता, साहेब. दोनदा वढून बगितला. रोज बगतो."

"मग पंचायतनाम्यावर सही का केलीत? त्यात लिहिलंय पट्टा सैल होता."

"म्हनलं, हितं सही करा. केली." त्याने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "त्यात काय लिवलं हुतं, ते कुणी वाचून दावलं?"

रावसाहेबांनी वाक्य न वाक्य हिंदीत सांगितलं, सहीबद्दलचंही. दरोगा मिश्रा ऐकत राहिला. माणूस आळशी नव्हता, फक्त थकलेला होता. "तो पुरानी गद्दियाँ कहाँ हैं?" त्याने विचारलं.

हे मात्र रावसाहेबांना उल्हासला विचारायची गरज नव्हती. रक्ताने भिजलेली वस्तू अँब्युलन्समधून पिवळ्या पिशवीत जाते आणि पिवळी पिशवी जाळायला जाते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "आज इतवार है. पीले थैले की गाड़ी कल सुबह उठाती है. अभी फ़ोन कर लीजिए."

दरोगाने फोन केला. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने आधी नाही म्हटलं, मग डबा उघडून पाहिला, मग पिशवी आहे म्हणाला. पावणेतीनला शिपाई ती घेऊन आला. डॉक्टर मॅडमच्या समोर पिशवी उघडली. गॉज, दोन हातमोजे, मानेला लावायची एक फाटलेली कॉलर आणि तळाशी दोन गाद्या, रक्ताने काळ्या पडलेल्या, खालच्या कडेला लाल पट्ट्या. हेल्मेटमधल्या नव्या गाद्या काढून या लावून पाहिल्या. खटकन बसल्या.

डॉक्टर रस्तोगींनी हनुवटीखालची खरचट पुन्हा बघितली, मोजपट्टी लावून पट्ट्याची रुंदी घेतली. मग म्हणाल्या, "वह लाइन काट दीजिए."

"लिखी नहीं थी, मैडम."

त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि नवं वाक्य सांगितलं: जखमा, पट्ट्याची खूण आणि जप्त गाद्या, यांवरून अपघातसमयी हेल्मेट डोक्यावर व बांधलेलं होतं असं दिसतं. गाद्या वाळवून वेगळ्या पुडक्यात घातल्या. लाख रावसाहेबांनी स्वतः वितळवली.

दुपारभर उल्हास त्याच बाकावर होता. रावसाहेबांनी चहा पाठवला, तो तसाच परत आला. एकदा ते स्वतः बाहेर गेले.

"तुमाला सांगितलं म्हंजे घरात सांगितल्यागत हुतं," उल्हास म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"त्याच्या नावावर खोटं लागत होतं, उल्हासभाऊ. आता कागदावर..."

"कागद त्याच्या आईला दावू? वैनी, मी न्हाई आलो, कागद घ्या?"

रावसाहेब आत गेले.

पावणेपाचला वेदांतचे वडील आले. सुतारकाम करणारा माणूस. विमानात पहिल्यांदाच बसलेला, बोर्डिंग पासचा तुकडा अजून खिशातून डोकावत होता. ओळख पटवली, जिथे सांगितलं तिथे सही केली. शव घेऊन गाडी विमानतळावर जाणार होती, सकाळच्या विमानाने पुढे पुणे. वडील गाडीच्या मागच्या दाराशी गेले आणि वळून म्हणाले, "उल्हास, बस की गाडीत."

उल्हास जागचा हलला नाही. दरोगाने नकारार्थी मान हलवली आणि रावसाहेबांना म्हणाला, "आप ही समझा दीजिए, राव साहब. आपकी ज़बान के हैं."

रावसाहेबांनी वडिलांना समजावलं. उल्हासभाऊंना पोलिसांत जबाब द्यायचा आहे, उद्या होईल. तोवर त्यांना लखनऊ सोडता येणार नाही. अटक वगैरे काही नाही.

"जबाब कशाचा?"

"हेल्मेट धुतलं, त्याचा."

वडिलांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "ते तर तो रोजच धुतो," ते म्हणाले.

गाडी सहाला पाच कमी असताना निघाली. उल्हास फाटकापर्यंत तिच्या मागे चालत गेला. परत आला तेव्हा दरोगा वहीत लिहीत होता. कल ग्यारह बजे, चौकी. जबाब देणारा मराठी बोलणार, तेव्हा दुभाषी लागणार. दुसरं नाव कुणालाच सुचलं नाही. रावसाहेबांनी सही केली.

"उल्हासभाऊ, तेलीबागला घर आहे माझं," ते म्हणाले. "दोन खोल्या आहेत. मी एकटाच असतो. भाकरी मला येते."

"लॉज हाय माझं चारबागला." उल्हासने पिवळ्या टी-शर्टवर जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. मग दारावरच्या पाटीकडे एकदा पाहून ई-रिक्षा थांबवायला रस्त्यावर गेला.

रावसाहेब साडेसातला घरी पोचले. कपाटावर चंदाताईंचा फोटो, शेजारी बाबासाहेबांचा. दोन्ही फोटो त्यांनी पुसले. रविवारी सकाळी पुसतात, आज राहून गेले होते. कुकर लावला. आठ वाजता पूर्वाचा फोन आला, रविवारी येतो तसा.

"पापा, खाना खाया?"

"लावलाय कुकर. तू जेवलीस?"

"हाँ. दिन कैसा रहा?"

"आज मराठीत बोललो बराच वेळ," रावसाहेब म्हणाले.

"अरे वाह! किससे?"

कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत ते थांबले. "कोल्हापूरचे एक गृहस्थ होते," ते म्हणाले. "कामाचं बोलणं होतं."

"नंबर ले लेते यार, पापा. कभी-कभी बात कर लिया करो."

"हां," रावसाहेब म्हणाले. नंबर त्यांच्याकडे होता. पंचायतनाम्यावर पाचव्या सहीखाली तो लिहिलेला होता, आणि कागद वाचताना आकडे त्यांच्या लक्षात राहतात.

जेवण झाल्यावर त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. कारण: शासकीय काम, दुभाषी. हिंदीत लिहिला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

सोमवारी दहाला पोस्टमार्टम हाउसचं कुलूप दुसरा फार्मासिस्ट उघडेल. गाद्यांचं पुडकं शिपाई त्याच्याकडून घेऊन प्रयोगशाळेत जाईल. अकराला चौकीत उल्हास लोहार यांचा जबाब आहे. ते मराठीत जे बोलतील, ते हिंदीत सांगायचं काम रावसाहेब इंगोल्यांचं आहे.